तारमास्तर नेटवर

आमच्या कराडच्या तारघरात एक मास्तर होते. बोलायचं म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर यायचं. मुके नव्हते, लाजरे नव्हते, माणूसघाणे तर मुळीच नव्हते. शब्द वाया गेलेला त्यांना बघवायचा नाही, एवढंच. मी सकाळी आत शिरताना म्हणायचे, "मास्तर, आज काय उकडतंय हो, सकाळी सकाळी अंगाची नुसती लाही झाली, त्यात आमच्या गल्लीत पाणी नाही आलं, त्यामुळं सासूबाईंचा पारा चढलेला." मास्तर मान खाली घालून ऐकायचे आणि एकेक बोट दुमडत जायचे. माझं संपलं की म्हणायचे, "एकवीस. पाचात झालं असतं." आणि ते पाच म्हणूनही दाखवायचे. "उकाडा. पाणी नाही. सासूबाई तापल्या."

असा संताप यायचा मला! पण काउंटरला मी आणि मागच्या टेबलाला ते, दिवसभर दुसरं होतं कोण बोलायला?

मास्तरांनी वीस वर्षं किल्लीवर काढली होती. किल्ली म्हणजे ती पितळेची पट्टी, जिच्यावर बोट आपटून तार पाठवायची आणि पलीकडून येणारे ठोके कानांनी ऐकून कागदावर उतरवायचे. पुढं मशिनं आली, नुसतं टाइप केलं की तार जायला लागली, पण मास्तरांची जीभ किल्लीवरच राहिली. गिऱ्हाइकानं भरलेला फॉर्म मी मागं सरकवला की हे लाल पेन काढायचे. 'आदरणीय' गेलं. 'आपला नम्र' गेलं. 'ईश्वरकृपेने' तेही गेलं. एकदा उंब्रजचा एक म्हातारा काउंटरवर हात आपटून भांडायला उठला. "आवं मास्तर, द्येवाला बी काढता व्हय?" मास्तरांनी वर न बघता सांगितलं, "त्याला वेगळी तार करा."

मयताला गेले तरी हीच तऱ्हा. बाकीची माणसं तासतासभर बसून, गेलेल्याच्या आजारापासून डॉक्टरच्या हलगर्जीपणापर्यंत सगळं उगाळतात. मास्तर पायरीवर बसायचे, म्हणायचे, "वाईट झालं. हाक मारा," आणि उठायचे. पण एक सांगते, हाक मारली की हा माणूस खरोखर यायचा. आमचे सासरे गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी दारात उभे. "रेशन? गॅस?" एवढंच विचारलं आणि दोन्ही करून आले.

बाराही महिने हातात छत्री, अंगात पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, वय बावन्न आणि लग्न नाही. का नाही, ते त्यांच्या गावाला, उंब्रजला, सगळ्यांना पाठ होतं. तरुणपणी मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, मुलगी येऊन बसली. मुलीचे वडील म्हणाले, विचारा काय विचारायचं ते. मास्तरांनी विचारलं, "नाव?" मुलीनं सांगितलं. "वय?" तेही सांगितलं. "शिक्षण?" सांगितलं. मास्तर म्हणाले, "ठीक," आणि चपला घालून निघाले. माजघरातल्या आत्याबाई बाहेर येऊन विचारायला लागल्या, शिरगणतीवाला गेला का, आता मुलाकडची कधी यायची? त्यानंतर आणखी चार-पाच ठिकाणी असंच झालं. आई होती तोवर ती मुली शोधत राहिली, मग आईही गेली.

मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "मास्तर, सुखी आहात बघा. ना बायकोची कटकट, ना पोराबाळांची." ते बराच वेळ टेबलावर बोटानं ठोके देत बसले. मग म्हणाले, "संध्याकाळी कुलूप मीच उघडतो." घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, मग कुलूप लावूच नका म्हणावं, चोरायला आहे काय त्यांच्याकडं? पुरुषांना काही सांगायला जाऊ नये.

नव्वदचं दशक संपत आलं आणि एस.टी. स्टँडसमोर नेट कॅफे निघाला. सुहास नावाचा इंजिनिअरिंग झालेला मुलगा तो चालवायचा. प्लायवूडची सहा खोकी, प्रत्येकात एक कॉम्प्युटर आणि दारावर पडदा. गावात बोंब झाली की आता पत्र नको, तार नको, सगळं तिथूनच जातं. मास्तरांनी छत्री उचलली. "शत्रू बघून येतो." मी म्हटलं मीही येते. असली गंमत कोण सोडणार?

सुहासनं त्यांना चॅटरूम उघडून दिली. "मास्तर, इथं कुणीबी कुणाशीबी बोलतंय. चेहरा न्हाई, काय न्हाई. नुसतं टाइप करायचं." कॉम्प्युटरच्या पडद्यावर पोरंपोरी भराभर लिहीत होती. एका अक्षराचे शब्द, स्वर गाळलेले शब्द, तीन अक्षरांत अख्खा प्रश्न. वय, बाई की बाप्या, गाव, हे तिन्ही विचारायला तीनच अक्षरं! मास्तर खुर्चीच्या टोकाला आले. दहा मिनिटं पापणी न हलवता बघितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, ही आपली माणसं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं नाही सांगत. आयुष्यभर ज्या माणसाला सगळ्यांनी विक्षिप्त ठरवलं, त्याला जगातली सगळी तरणी पोरं आपल्यासारखीच बोलताना दिसली. फक्त कुणी 'हाय' लिहिताना पुढं सात-सात अक्षरं ओढली की ते कळवळायचे. "वाया. सगळी वाया."

तेव्हापासून रोज चार वाजता, चहाच्या सुट्टीत, मास्तर कॅफेत, आणि मागोमाग मी. karad_tar हे नाव घेतलं. आणि महिनाभरानं मला म्हणाले, "बाई. इथं स्थळ मिळेल?"

मला हसू आवरेना. पण ते गंभीर होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "इथं फायदा. चेहरा नाही. कपडे नाहीत. नातेवाईक नाहीत."

"कपडे नाहीत काय मास्तर! जरा जपून बोला की!"

मास्तर कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनी तोटाही सांगितला, कारण माणूस प्रामाणिक. किल्लीवर म्हणे प्रत्येकाचा हात वेगळा वाजायचा. सांगलीला कोण बसलंय, साताऱ्याला कोण, आज त्याचं बायकोशी भांडण झालंय की काय, सगळं ठोक्यावरून समजायचं. "इथं सगळ्यांचा हात एकच. कोण खरं, कळत नाही."

आणि नाहीच कळलं. पहिली भेटली ती साताऱ्याची रीना. वय चाळीस, एकटी, फुलांची आवड. पंधरा दिवसांत तिनं मास्तरांना 'डिअर' केलं. मी म्हटलं, "मास्तर, साताऱ्यात चाळिशीची रीना? शांता म्हणा, सुमन म्हणा, मी ऐकून घेईन." त्यांनी ऐकलं नाही. रविवारी साताऱ्याच्या एस.टी. कॅन्टीनमध्ये भेटायचं ठरलं. खूण म्हणून मास्तरांच्या हातात छत्री आणि खिशाला लाल पेन. सोमवारी कामावर आले, छत्री खुंटीला लावली.

"काय झालं मास्तर?"

"रीना नाही. पोरं. चार. मिसळ चांगली."

पुढचं मला सुहासनं सांगितलं, कारण त्यातलं एक पोरगं त्याचा मामेभाऊ निघालं. डिप्लोमाची चार टोळभैरवं कोपऱ्यातल्या टेबलावर तोंडात रुमाल कोंबून हसत बसली होती. मास्तर तासभर दाराकडं बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं. उठले, त्यांच्या टेबलाशी गेले, पोरांना वाटलं आता छत्री बसते. मास्तर म्हणाले, "टायपिंग कोणाचं?" एकानं घाबरत हात वर केला. "वेग चांगला. परीक्षा दे. नोकरी लागेल." आणि त्यांच्याच शेजारी खुर्ची ओढून मिसळ मागवली. त्या पोरांच्या घशाखाली घास उतरेना, असं तो मामेभाऊ सांगत होता.

मला वाटलं, संपलं आता हे खूळ. पण दुसऱ्याच महिन्यात जाई आली.

जाई सांगलीची. एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती, तिथं नुकतंच नेट आलेलं. चार ते साडेचार तिथं कुणी फिरकत नसे, तेव्हा ती लिहायची. आणि काय लिहायची! मास्तर जेवढे चिक्कू तेवढी ही उधळी. इंग्रजी अक्षरांत मराठी, पडदा भरून वाहायचा. वर्तमानपत्रांच्या ढिगावर झोपणारं मांजर, रोज येऊन एकच जाहिरात वाचणारे पेन्शनर, कृष्णेचं पाणी चढलं की आयर्विन पुलावर जमणारे बघे, नको असलेल्या पुस्तकांना येणारा वास, सगळं. मी मास्तरांच्या खांद्यावरून वाचायचे. वाचू नये, कळतं मला. पण वाचायचे. एवढ्या सगळ्याला मास्तर उत्तर द्यायचे, "वाचलं. छान. मांजर कसं आहे?" मी कपाळाला हात लावायचे. आणि ती बया त्यावरही खूष! लिहायची, आजवर मांजराची चौकशी कुणी केली नव्हती.

सहा महिने हे चाललं. मास्तर बदलले. शर्टाला इस्त्री आली. चहाच्या बशीवर चमच्यानं ठेका धरायला लागले. पण माझ्या मनात शंका होती, आणि सुहासच्याही. कारण जाई फोनवर बोलायला तयार नव्हती. मास्तरांनी दोनदा विचारलं, दोनदा तिनं विषय बदलला. सुहास मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, फोन टाळतंय म्हंजी बाप्या हाय. लिहून ठेवा. ह्यो दुसरा रीना."

मी मास्तरांना सांगून टाकलं. म्हटलं, एवढं बोलणारी बाई फोनला का घाबरते? मास्तरांनी खिशातली वही काढून दाखवली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिच्याकडून घरचा पत्ता घेतला होता. घर नंबर, गल्ली, मारुतीच्या देवळामागं, पिनकोडसकट. "पत्ता पूर्ण आहे," ते म्हणाले. त्यांच्या हिशेबी ज्याचा पत्ता पूर्ण तो माणूस खरा.

मग तो मंगळवार आला. मी शेजारीच उभी होते. त्या दिवशी जाईनं फारच थोडं लिहिलं. जतचं एक स्थळ आलंय. बिजवर, दोन मोठी मुलं, शेळ्यामेंढ्यांचा मोठा कारभार. दादाला पसंत आहे. माझं वय चव्वेचाळीस, आता पुन्हा कुणी विचारणार नाही असं सगळे म्हणतात. रविवारी संध्याकाळी दादा होकार कळवणार. आणि खाली एक ओळ. 'तुम्हाला काही म्हणायचं आहे का?'

मास्तरांनी हात कीबोर्डवर ठेवले आणि बोटं दुमडायला लागले. शब्द मोजत होते! मी ओरडले, "आवं मास्तर, मोजताय काय, लिहा की!" ते म्हणाले, "एक मिनिट. दोन जास्त आहेत." आणि तेवढ्यात लाइन गेली. सुहासनं फोन उचलून कानाला लावला, तर तो मेलेला. रस्त्यात कुठंतरी खणताना केबल तुटली होती. कराडचे निम्मे फोन बंद. बुधवार गेला, गुरुवार गेला. मास्तर चारला कॅफेच्या पायरीवर जाऊन बसायचे आणि साडेचारला परत यायचे. तिचा फोन नंबर नाही, पत्र रविवारच्या आत पोचायची खात्री नाही. मी त्यांना अशा अवस्थेत कधी बघितलं नव्हतं. जेवणाचा डबा उघडून तसाच बंद करायचे.

शुक्रवारी सकाळी मास्तर काउंटरच्या बाहेरच्या बाजूनं, गिऱ्हाइकासारखे रांगेत उभे राहिले. पुढं फक्त एक बाई होत्या, तरी रांगेत. पाळी आली तेव्हा म्हणाले, "फॉर्म."

मला एकदम भरून आलं. फॉर्म दिला. म्हटलं, "मास्तर, शुभेच्छांचं पाकीट लावू या. फुलाफुलांचं असतं, बरं दिसेल."

"ते बारशाला," मास्तर म्हणाले. "ही साधी जाईल."

त्यांनी अकरा फॉर्म खराब केले. 'आपण योग्य निर्णय घ्याल' लिहिलं, खोडलं. 'विचार व्हावा' लिहिलं, खोडलं. शेवटी मीच चिडले. "मास्तर, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तारा कापल्यात. आता स्वतःचीही कापा, पण मुद्द्याचं तरी राहू द्या! तिनं काय करायचं ते सांगा!" मास्तरांनी बाराव्या फॉर्मवर लिहिलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

'जतला नाही म्हणा. मला हो म्हणा. रविवारी येतो.'

मी वाचलं आणि शिक्का इतक्या जोरात मारला की आतून शिपाई धावत आला. तारघराची लाइन वेगळी, ती चालू होती; मशिनवर मास्तर स्वतः बसले. आणि जाताना मला म्हणाले, "रविवारी. सांगली. याल?" मी कशाला सोडते? नवऱ्याला सांगितलं, मास्तरांच्या नात्यात साखरपुडा आहे. आणि निघताना मी घरातली लोखंडी दांड्याची छत्री बरोबर घेतली. म्हटलं, जाई म्हणून आणखी चार पोरं निघाली तर ह्या वेळी मिसळ नाही, मार.

मारुतीच्या देवळामागं गल्लीत शिरलो, तर ओट्यावर भाजी निवडणाऱ्या बाईनं मास्तरांना खालून वर न्याहाळलं. "तुमीच काय ओ ते तारवाले?"

मास्तरांनी मान हलवली. ती बाई उठून उभीच राहिली. "काय केलंत ओ! त्या म्हातारीचा जीव घ्यायचा हुता का?"

मग तिनं सगळं सांगितलं. जाईचा धाकटा भाऊ फौजेत होता, वर सीमेवर. महिनाभर त्याचं पत्र नव्हतं. म्हातारी आई रोज दारात बसून पोस्टमनची वाट बघायची. शुक्रवारी दुपारी लाल सायकल दारात थांबली आणि तारवाल्यानं हाक मारली. म्हातारीनं पाकीट हातात घेतलंच नाही. एकच किंकाळी फोडली आणि उंबऱ्यावर कोसळली. वहिनी रडायला लागल्या, दादा दुकान टाकून धावत आले, गल्ली जमली. तार दादांच्या हातात, पण फोडायचं धाडस कुणाला होईना. अर्धा तास अख्खी गल्ली रडत होती. शेवटी समोरच्या निवृत्त गुरुजींनी पाकीट फोडलं आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. जतला नाही म्हणा. मला हो म्हणा. रविवारी येतो.

"आमास्नी कळंना बघा, रडावं का हसावं," ती बाई म्हणाली. "गुरुजींनी दोनदा वाचलं. मागनं एक पोरगं खुदकन हसलं आन् मग काय, सगळ्या गल्लीला म्हाईत झालं की हो तिचं."

मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. अहो, मी तारघरातली! साधी तार बघून घराघरांत काय होतं ते मला माहीत नव्हतं? होतं की. पण माझं सगळं ध्यान त्या सात-आठ शब्दांत. आणि मास्तर? त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. फौजेतल्या भावाचं जाईनं त्यांना कधीच लिहिलं होतं. ते रस्त्यातच थांबले. म्हणाले, "बाई. मला मांजराचं लक्षात राहिलं. भावाचं नाही."

मी म्हटलं, परत जाऊ या मास्तर. त्यांनी ऐकलं नाही. छत्री माझ्याकडं दिली आणि चालायला लागले.

दारात दादा उभेच होते. पन्नाशीचा दणकट माणूस. "या! या वयात तार पाठवताना लाज नाही वाटली?" आणि पुढं बरंच काही. मास्तर सरळ आत गेले आणि कॉटवर बसलेल्या म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. "आई. चुकलो."

"व्हय. चुकलासाच," म्हातारी म्हणाली. आवाज अजून बसलेला होता. "अर्धा तास माजं प्वार मेल्यालं हुतं. तुमास्नी कळतंय का त्ये?"

मास्तरांनी मान वर केली नाही. मी मध्ये पडले, सांगायला लागले की माणूस सोन्यासारखा आहे, केबल तुटली, मशिनं, रविवार, जत, काय काय सांगितलं आता आठवतही नाही. दादा म्हणाले, "तुम्ही कोण?" मी मागं सरकून छत्र्या सावरल्या.

तेवढ्यात आतून पाण्याचे तांबे घेऊन ती आली. उंच, सडसडीत, वेणीत पांढऱ्या बटा, सुती साडी. बाईच होती! देवा रे, बाईच होती, मी त्या क्षणी सुहासला मनात हजार शिव्या घातल्या. तिनं मास्तरांकडं बघितलं, मास्तरांनी तिच्याकडं. सहा महिने पडदा भरभरून बोलणारी दोन माणसं, म्हणजे एक बोलणारं आणि एक मोजणारं, पहिल्यांदा समोरासमोर उभी होती.

दादा म्हणाले, "घ्या, विचारा तिलाच. ती काय बोलणार म्हणा."

जाईनं तोंड उघडलं आणि शब्दच येईना. ओठ थरथरले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळे घट्ट मिटले. "म... म... म..." त्यापुढं काही नाही. वहिनींनी घाईघाईनं तिच्या हातातला तांबा घेतला. "लहानपणापासून अडतं तिचं. फार त्रास होतो बिचारीला. आम्हीच बोलतो तिच्या वतीनं, आम्हाला कळतं ना तिचं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फोन का नको, ते आत्ता कळलं. नेटवर तिचं काहीच अडत नव्हतं. तिथं ती वाहत होती. आणि आता ती मास्तरांच्या तोंडाकडं अशी बघत होती, जसा निकाल लागायचा राहिलेला माणूस बघतो. हे तिनं लपवलं होतं. आता हा माणूस 'ठीक' म्हणून चपला घालणार, असंच तिला वाटत असणार. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं.

"म... म... मी..."

"मी दादाच्या शब्दाबाहेर नाही," दादांनी पुरं केलं. "असंच म्हणायचंय तिला. झालं? समजलं? आता निघा."

मास्तरांनी हात वर केला. "थांबा. निरोप चालू आहे."

"काय?"

"निरोप चालू आहे. मध्ये बोलू नका."

दादा भडकले. "अहो, मी सख्खा भाऊ आहे! चव्वेचाळीस वर्षं बघतोय! तिला काय म्हणायचंय ते मला कळतं!"

आणि मग आमचे मास्तर बोलले. एवढं मी त्यांच्या तोंडून एका दमात आधी कधी ऐकलं नव्हतं, पुढंही कधी नाही. "मी वीस वर्षं किल्लीवर होतो. तिथं शब्द अक्षर-अक्षर येतो. कधी पलीकडचा अडखळतो, कधी पावसात लाइन खरखरते, एका शब्दाला पाच मिनिटं लागतात. पुढचं ओळखून लिहायचं नाही, हा आमचा पहिला नियम. ओळखून लिहिलं की तार चुकते. माणसं नको त्या गावाला जातात. म्हणून थांबायचं. मला घाई नाही." मग ते जाईकडं वळले आणि म्हणाले, "येऊ दे. मी घेतोय."

आणि खाली जमिनीवर मांडी घालून बसले. नजर तिच्यावर, चेहऱ्यावर कसली कीव नाही, उतावीळपणा नाही. रोज चारला पडद्यासमोर बसायचे तसेच. दादांनी तोंड उघडलं, तर कॉटवरून म्हातारीनं काठी आपटली. "गप ऱ्हा रं. कवातरी ऐकून घे तिचं."

जाईनं एकदा श्वास घेतला, पुन्हा घेतला. मघासारखे डोळे मिटले नाहीत. मास्तरांकडं बघत एकेक अक्षर काढत राहिली. मला वाटलं मीच पुरं करावं, इतका जीव कासावीस झाला, पदर तोंडात धरून बसले. तीन मिनिटं लागली असतील, जास्तच.

"मी... प... प... परवाच... ब... ब... बॅग... भरून ठ... ठेवलीय."

दादा मटकन खुर्चीत बसले. वहिनी आत धावल्या, आणि तिथून त्यांचा आवाज आला, "अगं बाई, खरंच भरलीय!" मास्तर तसेच बसून होते, दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं, आणि पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मी दोन्ही छत्र्या पोटाशी धरून भोकाड पसरलं.

म्हातारीनं लेकीकडं बघितलं, मग मास्तरांकडं, मग परत लेकीकडं.

"जेवून तरी जा की गं," ती म्हणाली. "आन् पावण्यास्नी बी वाढ."